काठोकाठ पाणी

लाल दिवा लागला होता आणि मेमथोईच्या हातातल्या कागदावरचं एकच नाव वाचायचं उरलं होतं. बंगाली बातम्या संपल्या की रोज संध्याकाळी अर्धा तास रेडिओ मैतेई, म्हणजे मणिपुरी, बोलायचा. बाकी दिवसभर सिलचर शहर आपल्या बंगाली संसारात दंग असायचं. त्या अर्ध्या तासात बराक नदीच्या दोन्ही तीरांवरच्या वस्त्यांतून आलेल्या गाण्यांच्या फर्माईशी ती वाचत असे, आणि नावं घेताना कधी घाई करत नसे. गाणं काय, कुठेही ऐकायला मिळतं. आपलं नाव धड उच्चारलेलं ऐकायला मिळत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. शाळेच्या पटापासून रेशनच्या दुकानापर्यंत या शहराने त्यांच्या नावांचे हातपाय मोडून ठेवले होते. तिच्या जिभेवर मात्र ती अखंड राहत, आणि याचा तिला थोडा गर्वही होता. त्या संध्याकाळचं शेवटचं नाव होतं थंबालसना. पुढे गाव नाही, वस्ती नाही, नुसतं थंबालसना. तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तिच्या सासूचं नावही थंबालसनाच होतं. काचेपलीकडे यंत्रावर बसलेल्या पुलकदांनी भुवया चढवल्या, मग हवेत बोट गोल फिरवलं, आटपा म्हणून. "आणि इतर श्रोते," मेमथोई म्हणाली, आणि गाणं लागलं.

"काय दिदी, घशात काटा अडकला?" ती बाहेर आल्यावर पुलकदा म्हणाले. "एवढ्या वर्षांत तुमचा श्वाससुद्धा चुकलेला ऐकला नाही मी."

"उद्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"मोतीबिंदू ना? त्याला हल्ली कोणी ऑपरेशन म्हणत नाही. माझी आत्या सकाळी गेली आणि दुपारी घरी येऊन सुनेचे दोष मोजायला लागली. आधी धूसर दिसायचे, आता लख्ख दिसतात म्हणाली."

ती हसली. सांगितलं ते खरं होतं, पण अडकलं होतं ते निराळंच. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला खोटी गोष्ट ठेवून द्यायची तिला या थंडीत चांगली सवय लागली होती. रिक्षात बसल्यावर तिने शाल डोक्यावरून घेतली आणि मनातल्या मनात ते नाव घेऊन पाहिलं. मनात ते सहज निघालं. एका अनोळखी बाईचं नाव आपण गिळलं, ती बिचारी कुठल्या तरी खेड्यात कान लावून बसली असेल, असं तिला वाटलं आणि आणखी एका माणसाचे आपण देणेकरी झालो म्हणून ती स्वतःवरच चिडली. एका थंबालसनाचं काय केलं ते पुरे नव्हतं का.

दोन हिवाळे म्हातारी ऑपरेशनला नाही म्हणत होती. हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी कुलबिधूला, म्हणजे मेमथोईच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की तसं काही होणार नाही, पण वय आहे, आधी सांगून ठेवलेलं बरं. म्हातारीला दिसायचं कमी, ऐकू मात्र नीट यायचं. तिने ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि विषय तिथेच संपवला. आणि यंदा, मरळी सोडून झाल्यावर आठवड्याच्या आतच, जेवता जेवता ती आपण होऊन म्हणाली, "डोळ्याचं उरकून टाकू या. यंदा माझ्या नावाची मरळ सोडलीये, मला काय होतंय." कुलबिधूला इतका आनंद झाला की त्याने जेवण टाकून डॉक्टरांना फोन केला. मेमथोईच्या हातातला घास हातातच राहिला होता. एका मेलेल्या माशाच्या भरवशावर म्हातारी टेबलावर जाऊन निजणार होती, आणि हे घरात एकट्या मेमथोईला माहीत होतं.

थंडी उतरणीला लागली की घरातल्या प्रत्येक माणसामागे एक जिवंत मरळ तळ्यात सोडायची. ज्याचं त्याचं नाव घ्यायचं, याची सगळी पीडा घेऊन जा म्हणायचं आणि हात उघडायचा. मासा सळसळत गेला की वर्षाची पीडा गेली. त्या मरळी पुन्हा धरायच्या नाहीत, तळ्यात कितीही माजल्या तरी. लग्न होऊन आल्यापासून मेमथोईने हे सासूलाच करताना पाहिलं होतं; आपण फक्त बादली उचलायची आणि ओले हात पुसायला पंचा द्यायचा. यंदा म्हातारीचे गुडघे पायऱ्या उतरू देईनात आणि डोळ्यांना मासा कुठला, पाणी कुठलं हे कळेना. "आता तू," ती म्हणाली. "बाजारात नीट बघून घे. आणि पाणी बेताचं." मेमथोई शिकलेली, रेडिओवरची बाई, या असल्या गोष्टींवर आपला विश्वास आहे की नाही याचा तिने कधी हिशेब केला नव्हता. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, त्याला विश्वास लागतो का. घरात होत आलेलं होतं, होत राहायचं.

फाटकबाजारातल्या कोळ्याने पाच मरळी निवडून दिल्या. कापून देऊ का, असं त्याने सवयीने विचारलं आणि तिचा फनेक, कमरेला गुंडाळलेलं ते पट्ट्यांचं वस्त्र, दिसल्यावर स्वतःच जीभ चावली. "तुमचं ते सोडायचं असतं, नाही का? मग ह्या घ्या, ह्या पायावर उडी मारतील." खरंच उडी मारणाऱ्या होत्या. म्हणूनच तिला भीती वाटली. रिक्षात बादली डचमळेल, एखादी बाहेर पडेल, रस्त्यावर चाकाखाली जाईल. मग काय अर्थ. तिने रस्त्याकडेच्या नळावर बादली काठोकाठ भरली, वर झाकण दाबलं आणि झाकणावरून फडकं करकचून बांधलं. किती काळजी घेतली आपण, असं तिला रिक्षात वाटतही होतं. मरळ वर येऊन हवा घेते, पाण्यावर तोंड काढायला जागा नसेल तर पाण्यातच गुदमरते, हे त्यांच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतं. पाणी बेताचं, पोट भिजेल इतकंच, वर ओलं फडकं: म्हातारी दरवर्षी हेच घोकत आली होती. ठाऊक असलेली गोष्ट त्या घटकेला डोक्यात आली नाही, बस्स. काळजीने आणलेला मासा बुडून मेला हे कुणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसले असते.

घरापुढच्या तळ्याच्या काठावर म्हातारी वेताच्या मोड्यावर बसली होती, इनाफी, ती पातळ ओढणी, नीट खांद्यावरून घेऊन, हात जोडून, चेहरा पाण्याकडे. कुलबिधू ऑफिसात होता. मुलगा रोमेन गुवाहाटीला, मुलगी लिंथोई कॉलेजात. मेमथोईने खालच्या पायरीवर बादली उघडली तेव्हा चार मरळी एकदम वर उसळल्या, घटाघटा हवा प्यायल्या, आणि पाचवी तळाशी आडवी पडून राहिली. तिने बोटाने ढोसलं. काही नाही. वरून म्हातारी म्हणाली, "आधी पोरांची सोड. म्हाताऱ्यांची घाई नको." तिने एक धरली, रोमेनचं नाव घेतलं, सोडली. लिंथोईची सोडली. कुलबिधूची सोडली. प्रत्येक वेळी हात तळाशी पडलेलीला टाळून जात होता, आणि हात टाळतोय हे तिला दिसत होतं. मग बादलीत दोन मासे राहिले आणि दोन नावं. एक जिवंत मरळ, एक मेलेली. इथे थांबून सासूला सांगता आलं असतं, इमा, एक मेलीये, मी उद्या दुसरी आणते. वाक्य काही अवघड नव्हतं. पण मग पाणी किती भरलं ते निघालं असतं, आणि पहिल्याच वर्षी, पहिल्याच खेपेला, आता तू म्हणून सोपवलेलं. एवढ्याशा लाजेपायी. तिने जिवंत मरळ उचलली आणि स्वतःचं नाव घेतलं. स्वतःच्याच कानांना ते ऐकू आलं, स्वच्छ, रेडिओवर घ्यावं तसं. मग दोन्ही हातांनी तळातली उचलली, ती थंड आणि गुळगुळीत होती, आणि म्हणाली, "थंबालसना. हिची सगळी पीडा घेऊन जा." वर म्हातारीने जोडलेले हात कपाळाला लावले.

नंतर तिने मनाला पुष्कळ समजावून पाहिलं. ऐंशीच्या घरातली बाई, तिचं आता काय; आपल्यामागे लिंथोईचं लग्न आहे, रोमेनचं शिक्षण आहे, आपण असायला हवं. या हिशेबात चूक नव्हती. पण पायरीवर तिने असला हिशेब केलाच नव्हता. तिथे हात गेला होता, एवढंच. पोटात भूक असताना माणूस मोठा तुकडा उचलतो तसा. त्या हाताकडे ती आता माइकपुढे, चुलीपुढे, कुठेही पाहत राही. संध्याकाळी मरळ वर आली. पांढरं पोट वर करून, नेमकी पायरीजवळ, जिथे म्हातारी पाय धुवायला बसे. मेमथोई बांबूच्या आकडीने ती ओढत होती तेव्हा मागून आवाज आला, "काय शोधतेस गं?" "लोटा पडला, इमा." लोटा. काही सुचलं नाही म्हणून लोटा. मासा तिने केळीखाली पुरला आणि वर चुलीतली राख टाकली.

त्या दिवसापासून ती म्हातारीला जपायला लागली. आधी जपत नव्हती असं नाही, पण आता जपण्यात एक घाई आली. अंघोळीला पाणी गरम, पाठीला उशी, ईरोम्ब्याच्या कालवणात मिरची बेताची, रात्री पायांना मोहरीचं तेल. वस्तीतल्या बायका घाटावर म्हणत, सून असावी तर अशी. कुलबिधू एकदा कृतज्ञ होऊन तिच्याकडे बघत राहिला तेव्हा तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि म्हातारी, ती तर पहिल्यापासूनच तशी. माशाचं डोकं कायम सुनेच्या पानात. नव्या वर्षाला मुलीच्याही आधी सुनेला कापड. शेजारणी हसायच्या, हिने सुनेला पोटात घातलीये. हे सगळं सुरू झालं मेमथोई पहिल्या वर्षी विषमज्वराने आडवी झाली तेव्हापासून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घर नवं, वास नवे, ताप उतरता उतरेना. तिच्या आईला गावाहून यायला पूर आडवा आला होता. सगळे दिवस ही बाई तिच्या उशाशी बसून होती, जेवायलासुद्धा उठत नव्हती, कपाळावर ओला पंचा ठेवायची आणि पंचा बदलताना काहीतरी पुटपुटायची. तापातून डोळे उघडले की तो चेहरा दिसायचा, घाबरलेला, तिच्या आईचाही झाला नसता इतका घाबरलेला. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं मेमथोई तेव्हापासून सगळ्यांना सांगत आली होती. आणि अशा बाईच्या वाटचा जिवंत मासा तिने स्वतःच्या नावावर केला होता.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा रेडिओ बंद होता. म्हातारी ओसरीवर, मांगोलमध्ये, अंधार पडत आला तरी बसून होती. सांगायचं तर आज, रिक्षात तिने ठरवलं होतं. सांगितलं तर म्हातारी ऑपरेशनला जाणार नाही, डोळे तसेच राहतील, कुलबिधू विचारेल काय झालं, सगळं बाहेर येईल. नाही सांगितलं आणि उद्या टेबलावर काही झालं तर... त्यापुढे तिला विचारच करवत नव्हता. ती शेजारी बसली.

"सगळी नावं घेतलीस आज?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"बरं." म्हातारीने खांद्यावरची इनाफी सारखी केली. "आज लवकर संपल्यासारखं वाटलं."

"इमा, उद्याचं... तुम्हाला भीती नाही ना वाटत? नको वाटत असेल तर नको करू या. अजून दोन वर्षं काढता येतील."

"तुला काय मी आंधळीच बरी?" म्हातारी हसली. "लिंथोईचा नवरा बघायचाय मला. तुम्ही सगळे मिळून माकड शोधाल. जा, भात लाव. मला रात्री उपाशी राहायला सांगितलंय, तुम्हाला नाही."

ती उठली आणि भात लावायला गेली. तांदूळ धुताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, आणि त्याची तिला इतकी शरम वाटली की तिने चुलीपाशी उभ्या उभ्याच डोळे पुसले. लिंथोईने विचारलं तर कांदा म्हणायचं तिने तयारही ठेवलं होतं.

सकाळी डोळ्यांच्या हॉस्पिटलात लांबलचक बाकावर म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांची रांग बसली होती, एकेका डोळ्यावर खूण केलेली, सगळी आपापल्या भाषेत खोकत. कुलबिधू औषधं आणायला गेला होता. थोड्या थोड्या वेळाने नर्स येऊन म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घालून जाई आणि म्हातारी मान वर करून तशीच बसून राही. मेमथोईने तिचा हात धरला होता. हात गार होता. आपण किती गार गोष्टी धरतो आहोत, असा भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला. आता नाही तर कधीच नाही. तिने तोंड उघडलं आणि काल संध्याकाळसारखंच झालं.

"त्या दिवशी तुझा लोटा सापडला का गं?" म्हातारी म्हणाली.

मेमथोईने झटकन तिच्याकडे पाहिलं.

"पाणी काठोकाठ भरलं असशील. तुम्ही शिकलेल्या बायका, सांडू नये याचीच काळजी फार." म्हातारीची मान अजून वरच होती, थेंब डोळ्यांच्या कोपऱ्यांतून ओघळत होते. "जिवंत मरळ पाण्यात पडली की शेपूट मारते. चार वेळा ऐकलं. पाचवी नुसतीच पडली. कान आहेत की मला. रोज तुला ऐकते त्यांनीच."

"इमा, मी..."

"आता थांब. डोळे हलवू नका म्हणालीये ती नर्स."

"तुम्हाला माहीत होतं, तर मग हे ऑपरेशनचं... तुम्हीच म्हणालात मरळ सोडलीये म्हणून."

"बघत होते, सांगतेस का. नाही सांगितलंस. राग नाही आला मला. मी तरी कुठे सांगितलं."

बाकावरच्या कोणाला तरी ठसका लागला. मेमथोई म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू आलीस त्या वर्षी," म्हातारी म्हणाली. "उन्हात राहिली होती बादली, एक मरळ मेली. शेवटी दोनच नावं उरली, तुझं आणि कुलबिधूचं. तू घरात येऊन चार महिने झाले होते. तू आमची अजून कुठे होतीस. मग तुला ताप आला." ती हसल्यासारखी झाली, पण हसली नाही. "म्हणून म्हणते, मासा मेला म्हणून मला काही होत नाही. तूही नाही मेलीस."

पंचा बदलताना पुटपुटलेलं काय होतं ते मेमथोईला इतक्या वर्षांनी कळलं. माशाची डोकी कळली, नव्या वर्षाची कापडं कळली, तो घाबरलेला चेहरा कळला. तिला आधी राग आला, चांगला सणसणीत; मरायला घातलं होतं हिने मला, आणि मी गावभर हिचे गोडवे गात हिंडले. मग हात सोडावासा वाटला, आणि सोडवेना. हे सगळं भीतीने केलेलं होतं, मायेने नव्हतं, असं ती स्वतःला सांगू पाहत होती. पण इतकी वर्षं रोज पानात पडलेल्या माशाच्या डोक्याला भीती म्हणायचं तर मग माया कशाला म्हणायचं, ते तिला सांगता येईना. गेल्या काही आठवड्यांत आपण पायांना चोळलेलं तेल तरी काय होतं. ते तेल लावताना बोटांना त्या पायांची प्रत्येक शीर पाठ झाली होती, एवढं मात्र खरं. तिला वाटलं आता रडू येईल, आलं नाही. तिने म्हातारीच्या गालावरचे थेंब शालीच्या टोकाने टिपले.

"तेव्हा मी नवी होते म्हणून," मेमथोई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुम्ही तर आमच्या होतात, इमा. तरी मी."

"हो," म्हातारी म्हणाली. "ते तुझं तू बघ."

दार उघडलं आणि हिरव्या टोपीतल्या माणसाने हातातल्या कागदावर डोळे बारीक केले. "ठम... ठम्बल शोना? ठम्बाशना देबी कोण आहे?" रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उगाच एकमेकींकडे पाहू लागल्या. सासू जागची हलली नाही. या नावाची आपण कोणी नाही, अशा चेहऱ्याने मान वर करून बसून राहिली. त्या माणसाने पुन्हा एकदा नावाचे तुकडे केले. मग मेमथोई उभी राहिली आणि तिने ते नाव घेतलं, घाई न करता, प्रत्येक अक्षराला त्याचं त्याचं देऊन, माइकपुढे घ्यावं तसं. थंबालसना. बाकावरची खोकणारी माणसंसुद्धा क्षणभर वळून बघायला लागली.

"हं, आले," म्हातारी म्हणाली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. दारापर्यंतची चार पावलं दोघी बरोबर चालल्या. दारात म्हातारी थांबली.

"मग काल संध्याकाळी का नाही घेतलंस? शेजारच्या मुलीच्या हातापाया पडून लिहवून घेतलं होतं मी."

"ते... तुमचं होतं?" मेमथोईच्या तोंडून कसंबसं निघालं. "कुठलं गाणं हवं होतं, तेसुद्धा मी पाहिलं नाही."

"गाणं कुणाला हवं होतं," म्हातारी म्हणाली. हिरव्या टोपीवाल्याने तिचा दुसरा हात धरला होता. तिने मान किंचित कलती केली, रेडिओपुढे बसल्यावर करत असे तशी, कान मेमथोईकडे करून. "आता पुन्हा एकदा घे."

मेमथोईने ते पुन्हा एकदा घेतलं.